भिंतीवरची हिरोईन

“मामी, मान वर करा जरा. पोस्टर पाहाले चाललो आपण, मयतीले नाई,” रंजू म्हणाली आणि तिने तोंडातला तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

रंजू म्हणजे यमुनाबाईची सून. आमच्या झाडीपट्टीत सासूला मामी म्हणतात. शब्द गोड आहे, पण रंजूच्या तोंडून तो खड्यासारखा यायचा. मागच्या सीटवर यमुनाबाई जरीच्या साडीत ताठ बसली होती, मांडीवर घरच्या तांदळाची पुरचुंडी, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. मला ठाऊक होतं काय ते. जुने डायलॉग.

मी पुढे ड्रायव्हरजवळ. मी हिरामण लांजे. नाटक कंपनीच्या जीपवर बसून भोंग्यातून जाहिरात करायची हा माझा जन्माचा धंदा. आवाज असा, की मी वडशात ‘आज रात्रीला’ म्हणालो की वैनगंगेच्या पल्याड ब्रह्मपुरीत बाया चुलीवरचा भात उतरवून वेण्या घालायला बसायच्या. एका गावात तर माझी जाहिरात ऐकून तिरडीवरचं मढं उठून बसलं, गादीचं तिकीट काढलं, नाटक शेवटपर्यंत पाहिलं, आणि मगच पुन्हा आडवं झालं. हे मी ड्रायव्हरला सांगत होतो. तो हसून हसून स्टिअरिंगवर कोसळत होता.

“काका, थापा बंद करा ना जी,” रंजू मागून ओरडली, “गाडी नदीत पडन!”

“बेटा, मी थाप मारत नाही. जरा फुगवून सांगतो.”

“मंग मामीचं हिरोईन होणंही तुम्हीच फुगवलं असन.”

यमुनाबाईचे ओठ थांबले.

“आज पाहशीन ना तू आपल्या डोऱ्यानं,” ती म्हणाली. “मंग बोल.”

सगळं भांडण एवढंच होतं. आणि ते रंजू लग्न होऊन घरात आली तेव्हापासूनचं होतं. कोणी पाहुणा आला आणि यमुनाबाईने ‘मी कंपनीत हिरोईन होती’ असं सुरू केलं, की रंजू चहाची कपबशी आदळून म्हणायची, “होती ना. चुलीजवळची हिरोईन. कंपनीच्या भाकरी थापे.” पाहुणा हसायचा. यमुनाबाईजवळ दाखवायला काही नव्हतं. एक फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. नवरा होता साक्षीला, तो मेला. उरलो मी. आणि माझ्या साक्षीची किंमत तुम्ही आत्ताच ऐकलीत.

खरं म्हणाल तर दोघीही खऱ्या होत्या. यमुना कंपनीत आली ती स्वयंपाकालाच. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई भरली की नाटक. वडसा हे त्या नाटकांचं आगार. त्या वर्षी आमचं नाटक होतं ‘हळद पुसली सवतीने’, आणि हिरोईन होती कांता नागपूरकर. हनुवटीवर डाव्या अंगाला काळाभोर तीळ, आणि तोंड असं की बोलली तरी थुंकल्यासारखी वाटावी. यमुनेला ती नावाने हाक मारत नसे. “ए राख,” म्हणायची. चुलीजवळ असते म्हणून राख. एकदा भाजीत मीठ जास्त झालं तर सगळ्या कंपनीसमोर वाटी यमुनेच्या डोक्यावर पालथी केली होती. यमुना तशीच वाढत राहिली, केसांतून रस्सा गळत.

मग अर्ध्या हंगामात कांता पेटीवाल्याबरोबर पळाली. दुपारी कळलं आणि रात्री नाटक. मालक डोकं धरून बसला. तेव्हा चुलीजवळून आवाज आला, “मले पाठ हाय.” भाकरी थापता थापता तिने सगळं नाटक पाठ केलं होतं, फक्त हिरोईनचं नाही, सगळ्यांचं. त्या दिवशी ती उभी राहिली आणि सवतीला शाप देण्याचा प्रसंग तिने असा केला की पुढच्या रांगेतल्या बाया आपापल्या सवतींना शोधायला उठल्या. यात मी काही फुगवलेलं नाही. उरलेला अर्धा हंगाम यमुनाच हिरोईन. पुढच्या वर्षी मालक मेला, कंपनी मोडली, हिचं लग्न झालं. अर्ध्या हंगामाचं राज्य. पण होतं.

आता हे पोस्टराचं प्रकरण कसं निघालं तेही सांगतो. नागपूरच्या मेघना धारकर म्हणून बाई होत्या, बिल्डरच्या घरच्या. त्यांनी नवा बंगला बांधला आणि त्यांच्या मनाने घेतलं की भिंतींवर देवादिकांची नि डोंगर-झाडांची चित्रं लावायची नाहीत, जुन्या नाटकांची पोस्टरं लावायची. त्यांचा सजावटवाला निनाद, केस मागे बांधलेला, गोड बोलणारा, वडशाला आला आणि कंपनीच्या पडक्या गोदामातला सगळा ढीग उचलून घेऊन गेला. गोदाम मीच उघडून दिलं होतं. ढिगात ‘हळद पुसली’चं एक पोस्टर निघालं, शेवटचं. धुळीने माखलेलं, पण मधोमध यमुनेचं तोंड. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तसाच धावत तिच्या घरी गेलो.

तिने काय केलं असेल? रडली नाही, हसली नाही. आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, “रंजू! ऐकलं का वो बाई?”

धारकर बाईंनाही कळलं, की पोस्टरवरची हिरोईन जिवंत आहे. त्यांना तर आनंदाचं भरतं आलं. घर दाखवायला माणसं बोलावली होतीच, त्यात ‘खुद्द नायिका’ आली तर काय पाहिजे? म्हणून गाडी पाठवली. आणि यमुनाबाईने अट घातली, की सून बरोबर येईल.

बंगला काय सांगू! दारात शिरलो आणि आमची सगळी नाटकं भिंतींवर चढून बसलेली. जेवणाच्या टेबलावर सुरा उगारलेला खलनायक. लहान बाळाच्या खोलीत रक्ताने भरलेली विहीर. संडासाच्या दारावर ‘महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय’. सोनेरी चौकटी, वरून दिव्यांचे झोत. फक्त एक गोष्ट मला खटकली. पोस्टराच्या तळाला पांढरी पट्टी सोडलेली असायची, तिच्यात गावाचं नाव आणि तारीख मी ब्रशने लिहायचो. ती पट्टी सगळीकडे कापलेली होती.

“चौकटीत बसत नव्हती,” निनाद म्हणाला.

“अन् गाव?”

“गावाचं काय करायचं काका? घर नागपुरात आहे.”

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

“काकू, या, या!” धारकर बाई हात पसरून आल्या. मागे त्यांच्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, हातांत सरबताचे पेले. “तुमची जागा तर आम्ही खास ठेवली आहे. हॉलची मेन भिंत. सोफ्याचं कापडसुद्धा तुमच्या पोस्टरच्या लाल रंगाला जुळवून घेतलं.”

यमुनाबाईने पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी नोकराच्या हातात दिली. मग यमुनाबाई सुनेकडे वळली. ते तोंड मी जन्मात विसरणार नाही. पडदा वर जाण्याआधी नटाचं होतं ना, तसं.

“ये,” ती रंजूला म्हणाली. “ये, पाह्य.”

आणि तिने भिंतीकडे पाहिलं.

मी तिच्या मागेच होतो. मला वाटलं चष्म्यावर दिव्याची झळक आली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. नाही. पोस्टराच्या मधोमध कांता होती. तीळ, थुंकायला आलेलं तोंड, सगळं. ताजी, टवटवीत, जणू काल छापून आली.

आता काय झालं होतं ते मला उभ्या जागी कळलं, कारण ते करताना मी हजर होतो. कांता पळाली तेव्हा पोस्टरं छापून तयार होती. मालक चिक्कू, नवी छापणार नाही. त्याने यमुनेला फोटो काढायला बसवलं, तेवढाच चेहरा वेगळ्या कागदावर छापून आणला, आणि हुकूम केला, की कांताच्या तोंडावर हे तोंड चिकटवा. सगळ्या कंपन्या तेच करायच्या. हिरोईन बदलली की थिगळ. चिकटवायला बसली कोण? खुद्द यमुना. अंगणात पोस्टरं पसरून, शेजारी खळीचं भगोणं. एकेक तोंड ठेवायची आणि तळहाताने असं दाबायची, असं रगडायची, की बघणाऱ्याला कांताच्या नाकाची कीव यावी. “घे राख,” म्हणायची दर वेळी. “घे. खा राख.” इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. खळीत मोरचूद घालायलाही विसरली नव्हती. मालक म्हणाला कशाला, महिन्याभराचं तर काम. ती म्हणाली, “कीड लागू नाई. माहं तोंड टिकलं पायजे.”

“सांगा ना काकू,” धारकर बाई म्हणाल्या, “ह्या तुम्हीच ना?”

सगळे पाहत होते. पण यमुनाबाईला सगळ्यांचं काही नव्हतं. ती फक्त रंजूकडे पाहत होती. रंजू पोस्टराजवळ गेली. पोस्टरवरच्या तोंडाकडे पाहिलं, सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या गालात ते जुनं हसू हळूहळू गोळा होऊ लागलं.

“बोला ना जी मामी. कोन होय हे?”

‘ही मी नाही, मी हिच्या वरती होते,’ हे खरं होतं. पण ते बोलून पाहा तुम्ही, त्या हॉलमध्ये, त्या झोतात, त्या सुनेसमोर.

“मीच,” यमुनाबाई म्हणाली.

जन्मभर मी भोंग्यातून बोललो, मढी उठवली, पण एका शब्दात एवढी मोठी थाप मला कधी जमली नाही.

रंजूने माझ्याकडे मान वळवली. “काका?”

धंद्याचा माणूस मी. पडदा वर असताना नटीचं वाक्य खाली पडू देत नाही. “हीच ना वो,” मी म्हणालो. “दुसरी कोन असन?”

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. रंजूच्या गालातलं हसू जागच्या जागी विरलं. तिने डोक्यावर पदर घेतला. माझ्या देखत पहिल्यांदा तिने सासूसमोर पदर घेतला असेल.

“पण मामी,” ती हळूच म्हणाली, टोमणा नव्हता त्यात, नुसतं नवल होतं, “तीळ कोठी गेला?”

“म्हातारपणी बुजला.”

“अय्या, बुजतो का?” धारकर बाई म्हणाल्या. “थांबा हं. फोटोत तर हवाच.” त्यांनी पर्समधून भुवया कोरायची पेन्सिल काढली, यमुनाबाईची हनुवटी दोन बोटांत धरून वर केली आणि एक डोळा बारीक करून, पोस्टराकडे बघत बघत तीळ काढला. “आणखी थोडा खाली. हां. आता जुळलं!” यमुनाबाई मान वर करून उभी होती, औषध पाजायला जबडा धरलेल्या गायीसारखी. फोटो निघाले. एकटीचे, जोडीने, बायकांबरोबर, नवऱ्यांबरोबर.

“एक डायलॉग होऊन जाऊ द्या!” कोणीतरी म्हणालं.

मला वाटलं, आता नाही म्हणेल. ती एक पाऊल पुढे आली. पोस्टराकडे पाठ केली, नाही, अर्धी वळली आणि त्या चेहऱ्याकडेच बोट केलं. आणि सवतीचा शाप सुरू केला.

“माझ्या अंगाची हळद पुसलीस, सवते! पूस. कुंकू पुसलंस, तेही पूस. पण ज्या आरशात तू पाहशील, तिथं मी उभी राहीन. ज्या ताटात जेवशील, तिथं मी वाढीन. माझ्यावाचून तुला तोंड राहणार नाही!”

बाप रे! सरबताचे पेले हवेत थांबले. सगळा जन्म भाकरी थापलेले हात सुरकुतले होते, आणि आवाज? तो अजिबात म्हातारा झाला नव्हता. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढी एकच गोष्ट खरी होती, आणि ती मी ऐकली.

“वा!” धारकर बाईंनी डोळे पुसले. पोस्टरवरच्या कांताकडे बघत म्हणाल्या, “ह्या चेहऱ्याला शोभणारा आवाज आहे अगदी.”

मी निनादला बाजूला गाठलं.

“भाऊ, या पोस्टरवर काही चिकटलं होतं का?”

“हो ना काका! कोणीतरी फोटो चिकटवला होता वर. फाटका, मळका, कसातरीच. वाफ दिली, सुटला. आणि खाली बघतो तर काय, इतका फ्रेश चेहरा! वरच्या कागदामुळे ऊन लागलंच नाही. आणि खळ कोणी केली होती माहीत नाही, पण मोरचूद घातला होता भरपूर. कीड म्हणून नाही. ज्याने चिकटवला ना, त्याने ह्या बाईंना वाचवलं.”

“अन् तो वरचा?”

“लगदा झाला हो त्याचा. मोरीत गेला. का? ओळखीचं होतं कोणी?”

“नाई,” मी म्हणालो. “असंच.”

परतीच्या वाटेवर गाडीत मी एकही गोष्ट सांगितली नाही. ड्रायव्हरने दोनदा विचारलं, काका तब्येत बरी नाही का. मागे रंजू सासूच्या पायावर स्वतःची शाल घालत होती. “मामी, ए.सी. लागते का जी? बंद कराले लावू का?”

म्हणजे यमुनाबाईला जे पाहिजे होतं ते मिळालं. पूर्ण मिळालं. दुसऱ्या दिवसापासून गरम भाकर, पहिला चहा तिला, पाहुण्यासमोर खुर्ची तिला. रंजूने धारकर बाईंच्या मागे लागून पोस्टराची मोठी नक्कल छापून मागवली, दाराएवढी. ती समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर लागली. भोवती माळ, लुकलुकते दिवे. येणारा-जाणारा दारातच थबकायचा, आणि रंजू सांगायची, “आमच्या मामी. पाह्य बापा, काय रूप होतं!” यमुनाबाईची खाट त्याच्या बरोबर समोर होती. आधी ती भिंतीकडे पाठ करून बसायची. रंजू तिला फिरवून बसवायची. “अशा बसा ना जी. लोक दोन्ही तोंडं जुळवून पाहातेत.”

आणि रोज सकाळी आंघोळ झाली की काजळकाडी. रंजू स्वतः हनुवटी धरून तीळ लावायची. मायेने लावायची हो, खोटं कशाला बोलू.

“हिरामण,” एकदा यमुनाबाई पोस्टराकडे बोट करून मला म्हणाली, रंजू विहिरीवर गेली होती तेव्हा, “ते मले रोज राख म्हणते.”

“कागद होय तो, यमुने.”

“तुले ऐकू नाई येत.”

मला राहवलं नाही. रंजू आली तशी तिला चुलीजवळ गाठली आणि सगळं सांगितलं. कांता, थिगळ, खळ, वाफ, सगळं. काही फुगवलं नाही. शपथेवर सांगतो, जन्मात एवढी सरळ गोष्ट मी सांगितली नव्हती, म्हणूनच ती इतकी नीरस वाटली. रंजू ऐकत होती, भाकर उलटत होती. शेवटी हसायला लागली.

“म्हंजे मामी खरीच हिरोईन होती, पण पोस्टरवरची मामी नोहे?”

“हो.”

“अन् मामीचं पोस्टर मोरीत गेलं?”

“हो ना वो बेटा.”

“काका, तुमचं मढं तिकीट काढून नाटक पाहे, ते मी मानलं असतं,” ती डोळे पुसत म्हणाली. “हे नाई. अन् कांता कोन? अशी कोनी बाई असती, तं तिचं पोस्टर नसतं का कोठी?”

पोस्टर समोरच्या खोलीत लुकलुकत होतं.

दिवाळी झाली, धान निघालं. वडशाच्या एका मंडळाने यमुनाबाईचा सत्कार ठेवला. धारकर बाईंकडे काढलेला फोटो पेपरात आला होता, तो बघून लांबलांबचे लोक आले. भर दुपारी मांडवात बसवलं तिला, गळ्यात हार, शेजारी ते पोस्टर उभं केलेलं. दिवस थंडीचे, पण ऊन असं की मांडवाचं कापड वितळेल. पहिल्या रांगेत चिचोलीकडचा एक म्हातारा होता, दात एक नाही, पण डोळे घारीचे. तो काठी टेकत स्टेजजवळ आला आणि बराच वेळ पाहत राहिला.

“ही बाई नोहे,” तो म्हणाला.

“काय म्हनता, बुवा?” रंजू पुढे आली.

“हे पोस्टरवरची तं नागपूरची होती. तिले मी पाह्यलं. तिले तीळ होता, ठसठशीत. हिचा तीळ पाहा ना, पसरून राहिला!”

घामाने काजळ ओघळलं होतं. हनुवटीवरून गळ्यापर्यंत काळी रेघ. लोक हसले नाहीत, पण कुजबुजले. रंजूने पदराने ती रेघ पुसली आणि मग हात तसाच ठेवून सासूकडे पाहिलं. तिच्या गालात ते जुनं हसू पुन्हा जमायला लागलेलं मी पाहिलं. यमुनाबाईनेही पाहिलं.

“म्हातारपणी बुजला म्हनता ना तुम्ही, मामी?” रंजू म्हणाली. “पुरा बुजला? निशाणीही नाई राहिली?”

“राहिली हाय,” यमुनाबाई म्हणाली. “तुले दिसत नाई.”

संध्याकाळच्या गारठ्यात घरी जाताना रंजू पुढे चालली, शाल न देता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच यमुनाबाई माझ्या दारात. “हिरामण, मंडईत चाल.”

“आत्ता? कायले?”

“चाल म्हनली ना.”

मंडईत पाळणे फिरत होते, जिलबीचे घाणे लागले होते. कुठल्याशा कंपनीची जीप भोंगा लावून फिरत होती. नवा पोऱ्या, आवाज फुटका. यमुनाबाईने कशाकडे पाहिलं नाही. सरळ गेली ती गोंदणाऱ्या बाईच्या पालाशी. बॅटरीवरची मशीन घेऊन बसली होती ती, तरणी, नाकात फुली, पुढे पोरीबाळींची रांग, कोणाला नवऱ्याचं नाव पाहिजे, कोणाला विंचू. यमुनाबाई रांगेतल्या पोरींना बाजूला सारून पुढे बसली आणि बोटाने हनुवटीची जागा दाखवली.

“इथं. डाव्या अंगाले. तीळ काढ. ठसठशीत.”

तेव्हा मला कळलं. “यमुने,” मी म्हणालो, “तुह्या पाया पडतो, ऊठ. काढून फेकू ते पोस्टर. मी गावभर भोंगा फिरवतो, खरं काय ते सांगतो. माह्या डोऱ्यानं पाह्यलं मी तुले. कांता तुह्या नखाले पुरत नव्हती.”

“तुहं कोन ऐकन?” ती म्हणाली. रागाने नाही, साधंच. “अन् ऐकलं तं मले काय? मी पुन्हा भाकरवाली.”

गोंदणारी पुढे झुकली. तिने अंगठ्याने यमुनाबाईच्या हनुवटीची सैल कातडी ताणली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

“आजी, म्हातारी कातडी हाय. दुखन. अन् एकदा गोंदलं का मेल्यावरही जात नाई.”

“तेच पायजे.”

“अन् इथं पहिले काही होतं का जी?” पोरीने विचारलं. “जुन्याच्या वरतून माराचं असन तं सांगून ठेवा. सुई तशी धरा लागते.”

यमुनाबाईने तोंड आणखी वर केलं.

“नाई,” ती म्हणाली. “इथं पहिले काहीच नव्हतं. टोच तू.”